अंगठा लावून पाहा

१

मला कुणाचं पत्र येत नाही आणि मी कुणाला लिहीत नाही. तरी रोज सकाळी अंघोळ करून, भांग पाडून मी पोस्टात जातो. तिथे पंखा आहे, बाकडं आहे आणि रांगेत उभी असलेली माणसं आहेत. रांगेतला माणूस जागा सोडून पळू शकत नाही. चेष्टेला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? कधी मी हळूच म्हणतो, "ती पलीकडची खिडकी उघडली बरं का." अख्खी रांग पलीकडे धावते आणि मी निवांत पहिला नंबर लावतो. नंबर लावून करायचं काही नसतं. मी तिकीटवाल्या बाईंना विचारतो, "बाई, पंखा कधी बदलणार?" आणि परत येऊन बसतो.

तिकीटवाल्या बाईंना मी एकदाच हसताना पाहिलंय, तेही दारातल्या पायरीवर मी सपाटून आपटलो तेव्हा. म्हणून त्या दिवशी त्यांनी आपणहून हाक मारली तेव्हा मला वाटलं, आता पोलीसच बोलावले असणार.

"काका, नवीन तिकिटं आलीत. तुमची लेक आहे त्यात."

सरकारने परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांचा गौरव म्हणून टपालाची तिकिटं काढायची ठरवली होती. जवळ राहतात त्यांचा गौरव कशाला करा, ते तर रोजच दिसतात. तर लोकांनी आपापल्या दूरच्या माणसाचे फोटो धाडले होते. कोटातले, टायमधले, काळा झगा घालून चौकोनी टोपी उडवणारे. मी धाडला तो आमच्या ठमीचा. ठमी माझी एकुलती एक लेक. तिकडे दातांची डॉक्टर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात हात घालून पोट भरते. चेष्टेखोरपणात बापाच्या दोन पावलं पुढे. तिकडे घर घेतलं तेव्हा तिने घराच्या खिडकीत उभं राहून मला फोटो पाठवला होता: पिवळा स्वेटर, उजवा हात वर आणि हातभर जीभ बाहेर. मी तोच सरकारला पाठवला. गंमत म्हणून, ठमीला सांगूनच. सरकार कुठे छापतंय!

सरकारने छापला.

तिकीट पाहिलं तर त्यावर नुसती एक बंद खिडकी, आणि खाली बारीक अक्षरांत 'अंगठा लावून पाहा'. मी चौथीपर्यंत शिकलेला. आळीत मला अंगठेबहाद्दरच म्हणतात. म्हटलं, चला, आपल्यासाठीच काढलंय. अंगठा दाबला, उचलला. खिडकी उघडी, आणि आत आमची ठमी, जीभ काढून. तिकीट गार झालं तशी खिडकी हळूहळू मिटली.

"उष्णतेने रंग बदलणारी शाई आहे," बाई म्हणाल्या. "वरून कागद आलाय तसा. ज्या गावचं माणूस, त्याचं तिकीट फक्त त्या गावच्या पोस्टात."

मी तीन ताव घेतले.

२

आठ दिवस आळीत दुसरा उद्योग नव्हता. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेता घेता अंगठा लावायचा. औषधवाला गोळ्या मोजताना लावायचा आणि गोळ्या चुकायचा. समोरच्या वहिनी, ज्यांना मी 'बातमीपत्र' म्हणतो, त्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायच्या. "बघा, बापावर गेलीय." कोटवाले, झगेवाले तसेच तावावर पडून राहिले. खप फक्त आमच्या ठमीचा.

बायकोने एकदाच पाहिलं. "जीभ आत घाल म्हणून सांगायचं नाही का तिला?" एवढंच म्हणाली आणि एक ताव उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मी माझं तिकीट टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. कोपऱ्यावर पेनाने एक ठिपका दिला होता, कारण या घरात माझ्या वस्तू पळवल्या जातात. चहा आला की काच सरकवायची, अंगठा लावायचा, लेकीला बघायचं, चहा प्यायचा. छान चाललं होतं.

एका दुपारी अंगठा उचलला तर पिवळा स्वेटर नव्हता. पांढरा डगला होता.

मी चष्मा पुसला. मग माझा नव्हे, बायकोचा चष्मा लावून बघितलं. डगलाच. आणि वर केलेल्या हातात काहीतरी चमकत होतं: दांडीच्या टोकाला बसवलेला रुपयाएवढा आरसा, दाताचे डॉक्टर तोंडात घालतात तो.

आता मी काही खुळा नाही. मनाला म्हटलं, छापखान्यात दोन तऱ्हा काढल्या असतील. एक घरातली, एक दवाखान्यातली. मग कोपऱ्यावरचा ठिपका बघितला. तिकीट तेच होतं. म्हटलं, शाईच्या खाली शाई असेल. अंगठा जास्त तापला की खालचं चित्र वर येत असेल. हे पटलं. पण डगल्यातला फोटो मी सरकारला दिलाच नव्हता. माझ्याकडे तसा फोटो नव्हताच.

चहावर साय धरली तरी मी प्यालो नव्हतो.

३

ठमीचा फोन आला तो रविवारी. तिची आई देवाला... नव्हे, बाजारात गेली होती. बघा, इथेही थाप मारायला जात होतो, सवयच वाईट.

"बाबा, हसणार नसाल तर सांगते."

"मी कधी हसतो का?"

"मला काहीतरी होतंय. हातातलं काम टाकते, खिडकीपाशी जाते, हात वर करते आणि... जीभ काढते."

"ते तू लहानपणापासून करतेस."

"बाबा! परवा एका आजोबांची दाढ कोरत होते. मशीन बंद केलं, उठले, गेले खिडकीत. आजोबा आ वासून बघत राहिले."

"तो आ तूच वासायला लावला असशील की."

ती हसली नाही. ठमी हसली नाही की मला कसंतरी होतं. "दिवसातून कितीतरी वेळा होतं, बाबा. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचं सांगितलंय. आता एकदा झालं की काम बंद. काम गेलं की इथे राहायचा परवाना गेला. एवढी वर्षं घासून उभं केलंय सगळं."

मी म्हटलं, ही मला बनवतेय. नक्कीच तिला कुणीतरी तिकीट धाडलंय आणि कार्टी बापाची फिरकी घेतेय. पहिलीत असताना हिने माझ्या बुटात कणीक भरली होती, ती का सोडेल! म्हणून ती बोलत असतानाच मी काच सरकवली, एक अक्षर न बोलता अंगठा टेकवला.

"...आणि बाबा, त्या दिवशी मी सगळ्या तपासण्या क..."

एवढंच. मग खुर्ची सरकली. पावलं वाजली, न घुटमळणारी. खिडकीची कडी निघाली. नंतर नुसता श्वास, तोंड उघडं ठेवून जीभ बाहेर काढलेल्या माणसाचा असतो तसा, हा... हा...

मी अंगठा उचलला. तिकिटात ठमी होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कानाला फोन. जीभ बाहेर होती, पण डोळे चेष्टा करत नव्हते. ते वर बघत होते.

खिडकी हळूहळू मिटली. मग फोनमध्ये आवाज आला, "बाबा... आत्ताच झालं."

"बाहेर काय दिसतं गं?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे समोरची इमारतच नसते. आभाळ खाली येऊन काचेला टेकल्यासारखं. तपकिरी, कोमट. त्यावर रेघा, गोल गोल, नांगरून ठेवल्यासारख्या. आज मधोमध एक निळा डाग होता, केवढा तरी."

मी अंगठा पाहिला. सकाळीच पेन गळलं होतं.

४

खरं बोलायची सवय नसली की ऐन वेळी किती अडचण होते पाहा. मी शिंप्याकडे गेलो, हात जोडले, म्हटलं, "बाबा रे, माझ्या लेकीच्या तिकिटाला अंगठा लावू नकोस. तिला तिकडे त्रास होतो."

शिंपी म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, माझ्या दुकानाखाली भुयार सापडलंय. मी मशीन बाहेर काढून फुटपाथवर बसलो होतो."

"ती थाप होती."

"आणि ही?"

"ही थाप नाही!"

"मग बघूच," असं म्हणून त्या गाढवाने माझ्यासमोर अंगठा लावला. पुन्हा लावला. "असं केलं की त्रास होतो? का असं केलं की?" औषधवाला आत आला, त्यानेही लावला. दोघे खो खो हसत होते. मी दुकानाच्या घड्याळाकडे बघत होतो. तिकडे त्या वेळी सकाळ असते, दवाखाना भरलेला असतो.

पोस्टात गेलो. तिकीटवाल्या बाई म्हणाल्या, "विक्री थांबवा असा वरून कागद आणा." वर कोण बसलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

बाकड्यावर बसलो. समोर शिक्क्याची गादी होती, लाल शाईची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते बरंच आहे म्हणायचं. मी अंगठा गादीवर दाबला, रुमालाने अर्धवट पुसला, नखाने जरा ओरबाडला आणि थेट बातमीपत्राच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, कुणाला सांगू नका हं."

"अगंबाई! हे काय झालं?"

"त्या तिकिटाची शाई. आधी खाज सुटते, मग चट्टा. मग म्हणे नख गळतं. उगीच घबराट नको, म्हणून तुम्हाला एकट्यांना सांगतोय."

"मी कशाला कुणाला सांगू!" असं म्हणताना त्यांनी पायांत चपला सरकवल्यासुद्धा.

संध्याकाळपर्यंत औषधवाल्याकडचं खाजेचं मलम संपलं. खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. खोटं बोललो तर लोकांना खरोखर चट्टे उठले. शिंप्याच्या तर दोन्ही अंगठ्यांना. दुसऱ्या दिवशी आळीतून एकेकजण तिकिटं कागदात गुंडाळून माझ्या हवाली करून गेला. बाईंनी उरलेले ताव चिमट्याने उचलून गठ्ठ्यात बांधले आणि जिथून आले तिथे परत धाडून दिले. वरून कागद आला नव्हता, पण खाज सुटली होती.

५

पुढच्या रविवारी फोन. मी हसतच उचलला.

"बाबा, जवळजवळ थांबलंय."

"जवळजवळ म्हणजे?"

"रोज एकदाच होतं आता. इथे कामाला नुकती सुरुवात झालेली असते. आणि ते पटकन उठत नाही, बाबा. टेकून राहतं. बाकीच्यांसारखं दाबत नाही, नुसतं... टेकून राहतं. मोठ्या बाई आता रोज त्याच वेळी दारात येऊन उभ्या राहतात."

"रेघा दिसतात?"

"रेघा आणि मधे आडवी चीर. चंद्रकोरीसारखी."

मी फोन ठेवला. त्या चिरेची मला ओळख होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी मागून 'भॉ' केलं आणि हिच्या हातातली सुरी घसरली. तेव्हापासून ती चीर हिच्या उजव्या अंगठ्यावर आहे.

दुपारी मी झोपल्याचं सोंग घेतलं. मला घोरता छान येतं. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज झाला तसा उठून दाराआड गेलो. ही खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. मांडीवर पुसलेली थाळी, थाळीत तिकीट. अंगठा टेकवलेला आणि डोळे मिटलेले. मग तिने अंगठा उचलला, वाकून बघितलं आणि अगदी हळू, कुणी बघत नाही अशा बेताने स्वतःचीही जीभ काढून दाखवली.

या बाईने चाळीस वर्षांत माझ्या एकाही विनोदाला दाद दिलेली नाही.

"अगं," मी म्हटलं.

ती दचकली नाही. "फोनवर 'आई, घाईत आहे' म्हणते. इथे निदान गार होईपर्यंत थांबते."

"तिला कळतं ते. तिचं काम जाईल."

"तुमची ही नवीन थाप मी शिंप्याकडून ऐकली."

"तुझ्या अंगठ्यावरची चीर तिला दिसते. आज फोनवर सांगितलं तिने. मी तिला काही बोललो नव्हतो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी कुठे हसतोय का ते शोधत होती. बराच वेळ शोधलं तिने.

"काम गेलं तर घरी येईल," ती म्हणाली. म्हणाली आणि मान खाली घातली. नळ ठिबकत होता, तो मी जाऊन बंद केला.

"भिते का हो ती?"

"भिते."

तिने अंगठा उलटासुलटा करून पाहिला, जणू काही दुसऱ्या कुणाचा होता. मग पदराने पुसला. उरलेली तिकिटं, माझी काचेखालची, लोकांनी आणून दिलेली, सगळी तिने एका डब्यात भरली आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात अगदी मागे सारली.

"इथे गार राहतील," म्हणाली. "आणि तुम्ही त्या कप्प्याला हात लावलात तर बघा."

६

ठमीचं काम टिकलं. मोठ्या डॉक्टरीणबाई आता दारात उभ्या राहत नाहीत. ती आईला दर रविवारी फोन करते आणि घाईत नसते. ते कसं जमलं ते मायलेकींनाच ठाऊक. गोष्ट इथे संपवली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण एक पाकीट आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पत्र. तिकीटवाल्या बाईंनी ते चिमट्याने दिलं.

पाकिटावर परदेशी तिकीट होतं. एक बंद खिडकी. खिडकीचा वरचा गज वाकलेला, कडेला फुटक्या कुंडीत चमचा खोचलेला. ती कुंडी मी फोडली आणि तो चमचा मीच खोचलाय. हिला वाटतं हरवला. आत ठमीचं पत्र: 'बाबा, इथल्या सरकारने बाहेरून आलेल्या लोकांच्या घरी राहिलेल्या माणसांचा गौरव करायचं ठरवलंय. तुमचा दाढी करतानाचा फोटो पाठवला. बनियन, तोंडाला फेस, जीभ बाहेर. विक्री काही महिन्यांनी सुरू होईल, नमुन्याचं पहिलं तिकीट तुम्हाला. फिट्टंफाट.' तारीख बघितली. तिला त्रास सुरू व्हायच्या कितीतरी आधीची होती. पत्रच वाटेत रखडलं होतं.

"तुम्हीच आहात का बघू," म्हणून बायकोने अंगठा लावला.

मी खुर्चीतून उठलो. उठायचं मनात नव्हतं. गुडघे कुरकुरले, पण थांबले नाहीत. खिडकीत गेलो, हात वर गेला, जीभ बाहेर आली. समोरचं बातमीपत्राचं घर नव्हतं. तपकिरी, कोमट, गोल रेघा. आणि माझ्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्रकोर. मीच केलेली ती चीर एवढी खोल असेल असं कधी वाटलं नव्हतं.

हिने ते तिकीटही बर्फात टाकलं. पण तिकडची सगळी तिकिटं कोण गोळा करणार? तिकडे ना माझी आळी, ना माझं बातमीपत्र. आता रोज उठावं लागतं. सवय झाली म्हणा. बातमीपत्राला वाटतं मी त्यांना वेडावतो. त्याही गॅलरीत येऊन उलट वेडावतात. अंगठे ओळखू यायला लागलेत. एक पोराचा आहे, चिकट, नेहमी काहीतरी खाऊन आलेला. एक म्हाताऱ्याचा, विडीने पिवळा पडलेला. त्यांचं मला काही वाटत नाही. बघतात, हसतात, जातात.

एक मात्र संध्याकाळी येतो. त्याला रेघा नाहीत.

मला आधी हसू आलं. म्हटलं, आमचीच डॉक्टरीण, रबरी हातमोजे घालून बापाची फिरकी घेतेय. फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी ती तिकिटं घेतलीच नाहीत. तुम्हाला पाठवलं तेवढं एकच. तुमची शपथ." ठमी माझी शपथ खोटी घेत नाही, बाकी सगळं खोटं करते.

काल तो आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. मी उठून खिडकीत गेलो. समोर सगळं गुळगुळीत, कुठे एक सुरकुती नाही. नेहमीसारखा टेकून राहिला. मग हलला. दाबला नाही, बाजूला सरकला, भिंतीच्या कोपऱ्यापाशी गेला आणि तिथे खरवडू लागला. पाकिटावरचं तिकीट सोडवताना आपण नखाने कोपरा उचलून बघतो, तसा.

माझ्यामागे टेबलावरची बशी आपसूक घसरत या टोकाकडून त्या टोकाकडे गेली.

तो गेला, जीभ आत आली. मी वळलो. कोपऱ्यात भिंत आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ होती, आधी नव्हती. बायकोने बशी धरून ठेवली होती.

"काय होतं हो?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "टेबलाला माझाच पाय लागला."

टेबल माझ्यापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिने ते पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नीट बघून चालत जा जरा," ती म्हणाली आणि तिने माझ्या कपात चहा ओतला.

चाळीस वर्षांत तिने माझी एकही थाप कधी मुकाट्याने चालवून घेतली नव्हती.